एक ‘अ’ आणि माझी दोन मुलं

मी, श्रीमती जमुना धर्मा घरत, वय वर्षे एकाहत्तर, इंग्रजीची निवृत्त शिक्षिका, राहणार उलवे, नवी मुंबई, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता येथे लिहून ठेवत आहे. मी पूर्ण शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यात इंग्रजी व्याकरणाच्या दोन चुका आहेत, पण त्यावरून माझ्या शुद्धीबद्दल शंका घेऊ नये.

वकीलसाहेबांनी मसुदा इंग्रजीत करून दिला होता. त्यात राहता फ्लॅट माझ्या ‘एनी’ अपत्याला मिळावा, असे होते. ‘एनी’ म्हणजे कोणतेही. म्हणजे जे आधी कुलूप तोडील ते. मी तसे दाखवल्यावर ते म्हणाले, "मॅडम, कोर्टात समजून घेतात." जन्मभर आठवीच्या वर्गाला मीही समजूनच घेतले होते. म्हणून फी दिली, मसुदा परत केला आणि आता स्वतःच मराठीत लिहीत आहे.

कलम १. मला दोन अपत्ये. मुलगा निकेश, द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर, माझ्यासोबत राहतो. मुलगी रुतिका, नागपुरात बँकेत. पती धर्मा तीन वर्षांपूर्वी वारले. दुसरे कोणीही वारस नाही. भाऊबंदांपैकी ‘समबडी’ येऊन काही सांगू लागला, तर त्याला चहा द्यावा आणि लिफ्टपर्यंत सोडावे.

कलम २. माझी व्याकरणाची सर्व पुस्तके आणि लाल पेने आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी श्री. अश्विन यांना द्यावीत. त्यांनी बोर्डावर ‘एव्हरीबडी आर रिक्वेस्टेड’ अशी नोटीस लावली होती. मी तिथल्या तिथे ‘आर’ खोडून ‘इज’ केले, कारण ‘एव्हरीबडी’ एकवचनी. पुढच्या मीटिंगमध्ये ते सर्वांसमोर म्हणाले, "काकू, एवढे फ्लॅट आहेत, इतक्या माणसांना ‘इज’ कसं बोलणार?" यावर टाळ्या पडल्या आणि मला कमिटीतून मोकळे करण्यात आले. साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावले आहे. माझे लिखाण इतक्या बारकाईने दुसरे कोणी वाचत नाही. चूक सापडेल या आशेने ते प्रत्येक ओळ वाचतात.

कलम ३. माझ्या सोन्याच्या पाटल्या सून भाविका हिला. ती ‘मच प्रॉब्लेम्स’ म्हणते. मी तिला आजवर एकदाही ‘मेनी’ सांगितलेले नाही. माझे तिच्यावर किती प्रेम आहे ते यावरून ओळखावे. गळ्यातली चेन रुतिकाला.

कलम ४. धर्मांचा टेम्पो गावच्या अंगणात उभा आहे, तो निकेशला. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यांचा माल त्यांनी आयुष्यभर या टेम्पोतून वाहिला. लग्नानंतर मी बी.ए. केले तेव्हा कॉलेजबाहेर हाच टेम्पो उभा असे, आणि बायकोला शिकवतो म्हणून गावाने त्यांना बरेच काही ऐकवले. मला मात्र ते सांगत, "जमने, तुजी विंग्रजी शालेनच ठेव, घरान आनू नको." मी ऐकले नाही. निकेश टेम्पो भंगारात घालणार, हे मला माहीत आहे. घालावा. फक्त माझ्यासमोर नको.

कलम ५. आता फ्लॅट. वकील म्हणाले, पुढचा मजकूर मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी विचारले, मग कुठे लिहितात? म्हणून इथेच लिहीत आहे.

धर्मांना हॉस्पिटलात ठेवले होते. मी आत त्यांच्यापाशी होते. त्यांना तपासून बाहेर पॅसेजमध्ये गेलेल्या एका तरुण डॉक्टरांनी निकेशला इंग्रजीत काहीतरी सांगितले आणि ते पुढे गेले. निकेशने नागपूरला फोन लावला. "थोडी आशा आहे बोलतात. घाई नको करू, सुट्टी बघून ये." रुतिका सुट्टी बघून आली. तोवर सगळे आटोपले होते.

तेराव्याला रुतिकाने विचारले, "डॉक्टर नक्की काय म्हणाले होते?" निकेश म्हणाला, "देअर इज लिटल होप."

इंग्रजीत ‘लिटल’ म्हणजे जवळजवळ नाहीच. ‘अ लिटल’ म्हणजे थोडी का होईना, आहे. एका ‘अ’चा फरक, आणि तो मी या दोघांना घरातच शिकवला होता. रुतिका भरल्या पंगतीत म्हणाली, "इंग्रजीच्या बाईंचा मुलगा, आणि एक ‘अ’ कळला नाही? मला बाबा बघायला मिळाले नाहीत त्या ‘अ’पायी." निकेश सावरून घेत म्हणाला, "‘अ’ होता. मी ऐकला." मग पानावरून उठून गेला. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. दिवाळीला ती आली तर त्याची नेमकी गोदामात ड्यूटी लागते. दोघेही मला मात्र त्या ‘अ’चा नियम विचारत राहिले, जणू मी आई नसून परीक्षक आहे.

कलम ६. गेल्या आठवड्यात वर सांगितलेला दाखला घ्यायला मी इथल्याच एका दवाखान्यात गेले. खुर्चीवर तेच डॉक्टर. नाव सुगत. आता थोडे पोट सुटले आहे. दाखल्यावर सही झाल्यावर मी विचारले, "तुम्ही तेव्हा माझ्या मुलाला काय म्हणालात? लिटल होप, की अ लिटल होप?"

त्यांनी आठवून पाहिले. "असंल काहीतरी, मॅडम. दोन्हीचा अर्थ एकच ना?"

तीन वर्षे माझ्या घरात ज्यावरून अबोला होता, तो फरक बोलणाऱ्यालाच ठाऊक नव्हता. मला हसू आले, ते लवकर थांबेना. त्यांनी पाणी दिले. मग खाली मान घालून म्हणाले, "मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेलो, परभणीकडं. वाईट बातमी मराठीत सांगायला गेलं की माझा आवाज फाटतो. इंग्रजीत फाटत नाही. पेशंट जाणार हे मला दिसत होतं, मॅडम." त्यांना लागतील असे बरेच शब्द मी तयार ठेवले होते. एकही वापरला नाही.

घरी येऊन निकेशला सांगितले. मला वाटले, तो म्हणेल, बघ, माझी चूक नव्हती. तो जेवला, हात धुतला आणि फोन घेऊन गॅलरीत गेला. विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या गॅलरीत हळू बोलायची सोय उरलेली नाही, त्यामुळे मी ऐकले आणि शेजाऱ्यांनीही ऐकले असणार.

"रुते, फोन ठेवू नको. मला ‘अ’ ऐकायला आलाच नव्हता. मी घातला तो. मला पायजे होता, म्हणून घातला."

पलीकडून ती काय म्हणाली ते मला माहीत नाही. तो बराच वेळ नुसता "हां, हां" करत होता. आत आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, "रविवारी येतेय. बोंबील सांगितलेत तिने."

कलम ७. सबब राहता फ्लॅट निकेश व रुतिका या दोघांना मिळून द्यावा. इंग्रजीत कोणी भाषांतर केलेच, तर ‘ईच’ घालू नये, ‘आयदर’ मुळीच नको, ‘बोथ’ लिहावे. विकायचा झाला तर दोघांनी एका टेबलावर बसून ठरवावे आणि भांडण मराठीत करावे.

हे मृत्युपत्र माझ्या मृत्यूनंतर अमलात यावे. रविवारपर्यंत मरण्याचा माझा अजिबात विचार नाही, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.

ठिकाण : उलवे, नवी मुंबई
दिनांक : १६ जानेवारी २०२६, शुक्रवार

सही : जमुना धर्मा घरत

वरील सही बाईंनी आम्हा दोघांदेखत केली व आम्ही त्यांच्यादेखत सह्या केल्या.
साक्षीदार १ : अश्विन म्हात्रे, सेक्रेटरी (सर्व वाचले. चूक सापडली नाही.)
साक्षीदार २ : राजाबाई तांडेल, शेजारीण (गॅलरीतले मीपन आयकले.)