कडू मेंदीचा हत्ती

अण्णा, तुमचा हत्ती जगला. आधी हे सांगतो, मग बाकीचं.

तुम्ही गेल्यावर कारखान्याच्या गेस्ट हाऊससमोर तुम्ही कडू मेंदी कापून घडवलेल्या त्या हत्तीवर कितीतरी माळ्यांच्या कात्र्या फिरल्या. प्रत्येकानं वरवर भादरलं, दर खेपेला थोडा पाला जास्त ठेवला. होता होता सोंड पोटात गेली, चारी पाय एक झाले. मागच्या हिवाळ्यात नवे साहेब म्हणाले, "शेठ, तुमची नर्सरी हाय म्हणून विचारतो, ही म्हैस उपटून फायबरचा हत्ती बसवू का?" मी हसलो. माझ्या बापाचं काम आहे, हे काही बोललो नाही. म्हणालो, "उन्हाळाभर म्हैस माझ्याकडं द्या. नाही फुटली तर जेसीबी मीच आणतो."

अजून डोळ्यांसमोर आहे, लहानपणी मी कात्री चालवतोय, तुम्ही पाठमोरे पाणी सोडताय आणि तिकडूनच ओरडताय, "ए न्हाव्या, वरवर नको भादरू! आत हात घाल, वाळकं काढ, उजेड जाऊ दे!" न बघता कसं कळायचं तुम्हाला? आता मलाही कळतं. फोनवर बोलत असलो तरी बाहेर कोणाची कात्री बोथट झालीय ते ऐकू येतं.

आधी डावी बाजूच घेतली. सगळंच एकदम उघडं केलं असतं तर झाड टिकलं नसतं. पण कापायचं कुठवर? फोटो नाही, माप नाही. अंगठ्याएवढ्या फांद्यांत शिरलो आणि कात्रीची पात वाजली, टण्ण. तार! तुम्ही वाकवलेला सांगाडा आत गंजत बसलेला. मग पात टेकवत, ऐकत ऐकत गेलो. पाठ सापडली, कान सापडला.

त्यानंतर मात्र नुसत्या काटक्या. वॉचमन रोज विचारायचा, "शेठ, गेला का वो आपला हत्ती?" मी म्हणायचो, "झोपलाय." मग एका सकाळी त्याचाच फोन, "पाठीवर हिरवं दिसतंय, या लवकर!" गेलो, तर जुन्या लाकडाला जागोजाग कोंब. तिथंच कट्ट्यावर बसलो. वॉचमननं न विचारता चहा आणला. फायबरवाल्याला साहेबांनी नको म्हणून कळवलं. उजवी बाजू आता दिवाळीनंतर.

हा कागद कुठं पोचायचा नाही, म्हणून लिहायला जमतंय. सोंडेपाशी तार तुटून पडली होती. ताई म्हणते सोंड खाली होती, मला आठवते वर. मी वर वळवलीय. खरं सांगायचं तर मलाही नक्की आठवत नाही.