हयात नाहीत

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर पहिल्याच वाक्याला तू मला फाडून खाल्लं असतंस, म्हणून लिहितोय. अक्षराला हसू नकोस. दहावीनंतर हातात पेन्सिल आली ती लाकडावर खुणा करायलाच.

तर युरोपचं जवळजवळ नक्की आहे. लाकडी जिने बनवणारं मोठं वर्कशॉप आहे, सुतार हवेत त्यांना. एकाने थंडीचा कोट दिलाय, तो खोलीत घालून बघतो आणि घाम पुसतो. बॅग दोनदा भरली, दोनदा रिकामी केली. पाय एका जागी ठरत नाही.

पण एक घोळ करून बसलोय. काम कोणाकडे शिकलात, असा फॉर्ममध्ये रकाना होता. मिस्त्रींचं नाव लिहिलं. पुढे होतं, त्यांचं पत्र जोडा. चार वर्षांपूर्वी त्यांच्यासमोर पटाशी आपटून निघालो, आता कुठल्या तोंडाने पत्र मागू? म्हणून लिहून टाकलं, हयात नाहीत. तर तिकडच्या मालकाचं उत्तर आलं, फार वाईट वाटलं, त्यांच्या घरच्यांकडून चार ओळी आणा. पंधरा दिवसांत. नाहीतर जागा दुसऱ्याला. तू काकूंकडून कसंही करून लिहून घे. मिस्त्री कामावर असताना जा.

एवढं जमव. हे वाचून तुझा लोभ उरला असेल तर तो माझ्याकडेच राहू दे.

तुझा,
भिंगरी


ता. ८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्याहून जास्त शिव्या.

तुझं पत्र मशीनवर बसून वाचलं आणि गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला बाही उलटी जोडली. धडधाकट माणसाला मारलंस, आणि वर मी काकूंना काय सांगायचं? जरा विधवा होऊन सही द्या?

काल दुपारी गेले तर मिस्त्री घरातच. गुडघे दुखतात, हल्ली रोज कामावर जात नाहीत. मला खोटं बोलायला जमत नाही हे तुला ठाऊक आहे. सगळं सांगून टाकलं. काकू हसून हसून वाकल्या. मिस्त्री नाही हसले. रंधा पुसत बसले बराच वेळ. मग एवढंच विचारलं, की ते कशाने गेले हे लिहिलंय का. मी सांगितलं, तसा रकाना नव्हता.

त्यांनी पत्र दिलंय, सोबत आहे. पाकीट मुद्दाम उघडं ठेवलंय. पाठवायचं की फाडायचं ते तू ठरवायचंस, असा निरोप आहे.

वेळेवर जेव. तुझ्यावर चिडले तरी माया काही आटत नाही, तिला मी तरी काय करू?

तुझी,
ताई


ता. ७ फेब्रुवारी

वर्कशॉपच्या मालकांस,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, मी जिवंत आहे. हा मुलगा माझ्याकडे पाच वर्षं होता. नजर पक्की, स्वभाव कच्चा.

एकदा त्याने सोळा पायऱ्यांचा जिना उभा केला. मधली एक पायरी दोन सूत, म्हणजे पाव इंच, उंच झाली. चढणाऱ्याचा पाय मागच्या पायरीवरून पुढचीचा अंदाज घेतो, दोन सुतांनी माणूस तोंडावर पडतो. मी सगळा जिना उतरवायला लावला. त्याने उतरवला, आणि निघून गेला. पुढे मी तो एकट्याने बसवला तेव्हा बाकीच्या पंधरा पायऱ्या मोजल्या. एका सुताचाही फरक नव्हता. हे त्याला सांगायचं राहून गेलं.

त्याला कामावर घ्यावं. आपली-माझी ओळख या पत्रापुरतीच, तरी ही विनंती मान्य व्हावी.

आपला,
मिस्त्री


ता. २४ फेब्रुवारी

ती. मिस्त्रींस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पाकीट तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. फाडायला दोनदा बाहेर काढलं. ताईला फोन केला तर ती नुसती मशीन चालवत राहिली. तेच जास्त लागलं. शेवटी तुमच्या पत्राखाली मीही दोन ओळी लिहिल्या, की लाजेपोटी खोटं लिहिलं. भरतीच्या ऑफिसातल्या बाईंनी भाषांतर करताना माझ्याकडे बघून विचारलं, हे खरंच पाठवायचंय का. मी हो म्हटलं आणि माझं मत बदलायच्या आत जिना उतरलो.

काल उत्तर आलं. घेतलंय. पण वर्षभर जिन्याला हात लावायचा नाही. नुसतं लाकूड घासायचं, आणि रोजचं काम तिथल्या जुन्या कारागिराने तपासायचं. सतराव्या वर्षी तुमच्याकडे जे केलं तेच सव्विसाव्या वर्षी परत. वाचलं आणि डोकं सणकलं. म्हटलं, गेले उडत, नाही येत. ऑफिसच्या दारापर्यंत गेलोसुद्धा. मग वाटलं, एकदा असाच निघालो होतो, त्याने काय झालं? तर जिवंत माणसाला मेलेला लिहायची पाळी आली. परत आलो आणि सही केली.

विमान पुढच्या शनिवारी आहे. त्याआधी गुरुवारी सकाळी तुमच्याकडे येतो. चार वर्षांचं जे काही बोलायचं साठलं असेल ते आल्या आल्या बोलून घ्या, माझी परतीची गाडी चारची आहे. आणि रंधा पुसत गप्पच बसलात, तर मीही बसेन. गाडी चुकली तरी चालेल.

काकूंना नमस्कार. राग ठेवा, पण मला आत घ्या.

तुमचा,
भिंगरी