नऊवर थांबलेलं नाव

आदिलाबाद,
ता. ४ जुलै २००३

ती. बाबांना पंचफुलाचा सविनय जयभीम. वि. वि.

मी राहीआत्याकडे खुशाल आहे. आत्या रोज एक भाकर जास्त वाढते आणि वरून मी वाळली म्हणून तुम्हाला कळवते. तिचं मनावर घेऊ नका.

कॉम्प्युटर सेंटरात आता आम्ही स्वतः प्रोग्राम लिहून राह्यलो. पहिलाच धडा असा, की आपलं नाव इंग्रजीत टाइप करायचं आणि त्यात किती कॅरेक्टर आहेत ते कॉम्प्युटरनं मोजून सांगायचं. कॅरेक्टर म्हणजे नुसतं अक्षर नाही. टिंब, आकडा, दोन शब्दांमधली मोकळी जागा, सगळं एकेक धरायचं. वर्गातल्या तेलुगु मुलामुलींचं पटकन बरोबर आलं. ते आडनावाचं एक अक्षर, मग टिंब, मग नाव असं चिकटवून लिहितात. मी आपलं पंचफुला दौलत वाघमारे असं पूर्ण टाकलं. बोटांवर मोजलं तर मोकळ्या जागा धरून पंचवीस. कॉम्प्युटर म्हणतो नऊ. पुन्हा केलं, पुन्हा नऊ.

मग ध्यानात आलं. पंचफुलाची नऊ अक्षरं झाली की पुढं मोकळी जागा लागते, आणि मी वाचायची जी आज्ञा दिली ती मोकळी जागा दिसली की नाव संपलं असं समजते. म्हणजे तुम्ही आणि वाघमारे, दोघंही दाराबाहेर! मला असा राग आला की विचारू नका. सर म्हणतात, डब्ल्यू. पंचफुला असं जोडून लिही आणि मोकळी हो.

एकवीस तारखेला परीक्षा आहे. हैदराबादचे परीक्षक येणार, आणि सरकारी हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवायला आमच्यातल्या दोघांना घेणार. ही नोकरी मला पाहिजेच. पण नाव मी तोडणार नाही. मशीन रोज तासभरच मिळते, बाकी वेळ कागदावर डोकं फोडते.

आईला जयभीम. माया आहे तशीच राहू द्या, ही विनंती.

तुमची
पंचफुला


बेला,
ता. ९ जुलै २००३

चि. पंचफुला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचले. आपली सरकी टोबून पेरणी झाली, पाऊस बरा आहे, काळजी नसावी.

मी शाळेत गेलो तेव्हा मास्तरांनी हजेरीत इतर पोरांची नावे बापासकट, आडनावासकट लिहिली आणि माझे नुसते दौल्या. बाप दुसऱ्याच्या शेतावर सालदार, त्याचे नाव कोण विचारतो? म्हणून मी मास्तर झाल्यावर एकाही पोराचे नाव अर्धे लिहिले नाही. तेव्हा तुझा राग मला कळत नाही असे समजू नकोस.

पण बाप म्हणून सांगतो, हट्ट सोड. सर म्हणतात तसे लिही. परीक्षकापुढे प्रोग्राम अडला तर नोकरी गेली. आजवर माझे नाव पुष्कळ जागी वगळले गेले, आणखी एका जागी वगळले तर मी झिजत नाही. तू तुझ्या पायावर उभी राहा, मला तेवढे पुरे.

तुझी आई विचारते, पोरगी काऊन मशीनशी भांडून राह्यली. मग स्वतःच म्हणते की बापावर गेली.

वेळेवर जेव, आणि आत्याला त्रास देऊ नकोस. आमचा जीव तुझ्यापाशी आहे हे ध्यानात असू दे.

तुझा
बाबा


आदिलाबाद,
ता. २२ जुलै २००३

ती. बाबांना पंचफुलाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही. खुशाल रागवा, पण आधी पत्र पूर्ण वाचा.

वाचायची आज्ञाच मी बदलली. आता एंटर दाबेपर्यंत अख्खी ओळ घेते. तर मशीन भलतंसलतं दाखवून अडून बसली. दोन दिवस रडकुंडीला आले. कागदावर घरं आखून एकेका घरात एकेक अक्षर मांडलं तेव्हा चूक सापडली. नावासाठी मी मशीनकडं वीसच घरं मागितली होती. शिवाय शेवटी नाव इथं संपलं अशी खूण ठेवायला एक घर लागतं. ते मोजणीत येत नाही, पण जागा खातं. मग मी ऐंशी घरं मागितली. पहिल्या घरापासून पुढं सरकायचं, दर घराला एक वाढवायचा, खूण आली की थांबायचं. पंचवीस आले तेव्हा मी टेबलावर असा हात आपटला की सगळे माझ्याकडं पाहायला लागले.

काल परीक्षेत सर मला डोळ्यांनी खुणावत होते, छोटं लिही म्हणून. मी पूर्ण लिहिलं. परीक्षकांनी तेलुगुत विचारलं, एवढं लांब नाव कशाला. मी तेलुगुतच सांगितलं की एक माझं आहे, एक माझ्या बाबांचं आणि एक आमच्या घराचं. त्यांनी माझी खुर्ची घेतली आणि स्वतःचं नाव टाइप केलं. चार शब्दांचं होतं, बाबा! माझ्या प्रोग्रामनं शेवटपर्यंत मोजलं. मग ते हौसेनं प्रत्येक मशीनवर आपलं नाव टाकत गेले, आणि बऱ्याच ठिकाणी पहिल्या शब्दावरच थांबलं. आपलं नाव अर्धं राहिलेलं कोणालाच आवडत नाही, त्यांनाही आवडलं नाही.

मला घेतलं. नेरडीगोंड्याच्या हायस्कुलात. एक तारखेला हजर व्हायचं आहे.

दोघांनी मिळून आशीर्वाद धाडा, आणि मायेत खंड पडू देऊ नका.

तुमची
पंचफुला दौलत वाघमारे


बेला,
ता. २७ जुलै २००३

चि. पंचफुलाले आईचा लय लय आशीर्वाद.

हात तुह्या बाबाचा हाय, बोलून मी राह्यली. त्याईले सांगतलं, मी बोलतो तसंच लिवा, एक शब्द बदलाचा नाई.

तुह्यं पत्र आलं तवापासून हे जमिनीवर नाईत. घरी वाचलं, शाळेत नेलं, डोमाजीभाऊच्या ओट्यावर बसून वाचलं. पोरीनं माह्यं नाव सोडलं नाई म्हून साऱ्या गावाले सांगून राह्यले. डोये भरून येतेत त्याईचे. मले बी लय आनंद झाला, खोटं नाई सांगत.

पण वावरात निंदताना एक गोष्ट मनात आली, ते काई जाईना. पोटात मी वागवलं. तू आठवीत गेली तवा, पोरीले कायले शिकवता म्हून लोक म्हणे, त्याईच्याशी भांडली मी. आन् तुह्या नावात बाप हाय, वाघमारे हाय, मी कुठीच नाई. तुह्या बाबाले हे म्हटलं. आता मान खाली घालून लिवून राह्यले.

तू ऐंशी घरं मांगतले म्हणतं. भरले पंचवीस. बाकीचे तं रिकामेच असतीन ना? मंग माह्यं बी नाव घाल, बाबाच्या आंधी. मले अक्षरं मोजता येत नाईत. तूच मोज, आन् किती भरते ते कळव.

पोटाले नीट खाजो. जीव लावतं तसाच लावजो.

तुही आई,
जयवंताबाई