मामा, हे ते प्रेशर नव्हे

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार (ड्युटीने कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनातच घालते). गुडघा कसा आहे? काल आमच्या अतिदक्षता विभागातून ज्या वेगाने निघालात, त्यावरून ठणठणीत असावा. तुम्ही लाजेने फोन बंद ठेवलात, म्हणून हे पत्र मामीच्या हाती देते आहे.

मी रागावून लिहीत नाही. (लिहिते आहे.) डॉक्टर म्हणाले, पोटाचं प्रेशर वाढलंय. तुम्ही बाहेर जाऊन आईला धीर दिलात, "अगं ताई, दाजींना नुसतं प्रेशर आलंय, मोकळं झालं की बरं वाटेल!" मामा, हे ते प्रेशर नव्हे. बाबांच्या स्वादुपिंडाला सूज आहे, पोट आतून तटतटलंय. ते मूत्रपिंडं दाबतं आणि छातीला श्वास घेऊ देत नाही. आम्ही ते लघवीच्या नळीतून मोजतो, माणसाला सपाट आडवं करून. नव्या सिस्टरने बेड आडवा केला आणि त्या नळीत सोडायचं सलाईन आणायला वळली. तेवढ्यात तुम्ही पडद्याआड शिरलात (जुलाबाची पुडी नशिबाने खिशातच राहिली) आणि "बसल्याशिवाय कसं होणार?" म्हणत बटण दाबून गुंगीतल्या बाबांना काटकोनात बसवलंत. ती परतली, तिचं लक्ष फक्त आकड्यावर. आकडा भलताच चढलेला (बसवलं की तो खोटाच चढतो). सर्जन धावले, पोट उघडायचं ठरलं, ऑपरेशन थिएटरला फोन गेला. बाबांचा बेड माझ्याकडे नाही (घरच्यांचा देत नाहीत), मी समोरच्या पेशंटचं इंजेक्शन हातात धरून उभी. तेवढ्यात दिसलं, बाबांची हनुवटी छातीला टेकलीय. मी ओरडलेच, "अहो, बेड वर आहे!" आडवं करून पुन्हा मोजलं. आकडा वाचायला पेशंटने श्वास पुरता सोडेपर्यंत थांबायचं असतं. बाबांनी सोडेपर्यंत आम्ही कुणी घेतलाच नाही. आकडा उतरला, थिएटरला नको म्हणून कळवलं. मोठ्या सिस्टर तुमच्याबद्दल जे बोलल्या ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही.

आता नाकातल्या नळीने जठरातली हवा काढतोय, दुखू नये म्हणून औषध चालू आहे. तुम्ही बेडपासून चार हात लांब राहावं, एवढीच विनंती.

तुमची भाची

ता. क. बटणावर चिकटपट्टी लावली आहे. काढू नये.

आणखी एक ता. क. खरं तर लिहायचं होतं ते हेच. आकडा उतरला, पण पुरता नाही. सकाळपासून पिशवीत लघवी जवळजवळ नाहीच. उद्यापर्यंत फरक पडला नाही तर पोट उघडावंच लागेल, आणि पुढची खात्री कुणीच देत नाही. मला फार भीती वाटते आहे, मामा. आई बाहेर बाकावर बसून प्रत्येक सिस्टरला विचारते, "झालं का हो मोकळं?" माझ्याच्याने तिच्यासमोर खोटं बोलवत नाही. तुम्ही या, तिच्याजवळ बसा, आणि तिला पुन्हा सांगा, नुसतं प्रेशर आलंय म्हणून.