पांढऱ्या पेशींची गस्त

माझ्या आईला, त्रुहियोच्या हॉस्पिटलातून तुझ्या नेलिदाचा नमस्कार.

बाबांचा ताप उतरतोय. आज थोडं सूप प्यायले, पण तुझ्या हातचं नाही म्हणून तोंड वाकडं केलं. पायाची बोटं काळी पडलीत, त्याचं घरी आल्यावर बोलू.

विळ्याच्या एवढ्याशा जखमेने एवढं कसं झालं, असं तू विचारलंस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतू रक्तात पसरले की पांढऱ्या पेशी पिसाळतात. जंतूंना धरून देणाऱ्या अँटिबॉडीज खरं तर आपल्याच, पण त्या भरात पेशी त्यांचेही तुकडे करतात.

मी म्हटलं, "अगदी आमच्या गावच्या गस्तीसारखं! क्लोदोमिरोमामा चोर कुठे लपलेत ते सांगायला धावत आला, तर आमच्या लोकांनी गुरंचोर समजून त्यालाच चाबकाने फोडून काढलं."

बाई हसल्या. बाबा नाही हसले. त्या गस्तीचे म्होरके तेच ना! आजवर मामाची एका शब्दाने माफी मागितली नाही.

मग डोळे मिटूनच म्हणाले, "क्लोदोमिरोला कळव, आपल्याच माणसांचा मार कसा लागतो ते आता समजलं."

मामाची पाठ अजून दुखते का गं? हे त्याला आजच वाचून दाखव, उद्यावर नको.

तुझीच,
नेलिदा