पूर्ण नाव

३ फेब्रुवारी, सोमवार

आज चौथ्यांदा डोळे तपासून घेतले. ऑफिसच्या खालीच चष्म्याचं दुकान आहे, तिथे ती असते. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचताना मुद्दाम दोन अक्षरं चुकलो. तिने मान वर न करता लिहून घेतलं आणि म्हणाली, "मागच्या वेळी याच ओळीत दुसरी दोन चुकला होतास. डोळे ठणठणीत आहेत तुझे. डोकं दाखव कुणाला तरी."

'होतास' म्हणाली. 'तुझे' म्हणाली. तीन महिन्यांचं अहो-जाहो एका वाक्यात संपलं! जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

वर आलो तर साहेब वाटच बघत होते. साहेब म्हणजे आमच्या न्यूज पोर्टलचे संपादक. एक पडेल बातमी दिली आणि म्हणाले, जरा तुझा मसाला टाक. माझा मसाला म्हणजे प्रश्नचिन्ह. साहेबांनीच शिकवलंय: ठामपणे लिहिलं की पुरावा द्यावा लागतो, प्रश्नचिन्ह टाकलं की आपण नुसतं विचारतोय. आता मी त्यात इतका तयार झालोय की सगळे मला प्रश्न्या म्हणतात. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं ते सरांना उलट प्रश्न विचारला म्हणून. इथे त्याचाच पगार मिळतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज भिंतीवरच्या स्क्रीनवरचा वाचकांचा आकडा थांबतच नव्हता. पहिल्या नंबरला माझा मथळा.

बातमी अण्णांची. आमचे सगळ्यात जुने वार्ताहर, पायाला अजून भिंगरी. एका मोठ्या रुग्णालयात लहान मुलीला मुदत संपलेलं सिरप दिलं. मुलगी सुखरूप घरी गेली, पण दोन दिवस सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अण्णांनी रुग्णालयाच्या नावासकट लिहिलं, मी तसंच चढवलं. चाळीस मिनिटं टिकलं. मग साहेबांचा फोन वाजला. त्यांच्या केबिनला काच आहे. वाचकाचा फोन असला की साहेब बसून बोलतात. उभे राहिले की समजायचं, जाहिरातदार. आज उभे होते.

बाहेर येऊन म्हणाले, रुग्णालयाचं नाव काढ, 'एक नामांकित रुग्णालय' कर. आणि रुग्णालय काही चालत जाऊन औषध देत नाही, देणारा कोणीतरी माणूस असेलच ना?

मला इशारा पुरतो. दोन मिनिटांत बसवला:

चिमुकलीच्या जिवाशी खेळ! औषध देणाऱ्या कर्मचाऱ्याची डुलकी नडली?

साहेबांनी पाठ थोपटली. अण्णा माझ्या खुर्चीमागे येऊन वाचत उभे राहिले. "तो माणूस झोपला होता, हे तुला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, मी कुठे सांगतोय, विचारतोय.

अण्णा चष्मा काढून पुसत राहिले. जळतात, दुसरं काय. बातमीवर त्यांचं नाव होतं, तेही काढून साहेबांनी 'ऑनलाइन डेस्क' केलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ती दुकानात नव्हती. मालक म्हणाले, घरी काहीतरी झालंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार



ती आली आज. डोळे सुजलेले. फ्रेम पुसता पुसता सांगत होती. तिचे बाबा 'औषधं देतात' एवढंच मला ठाऊक होतं. मला वाटायचं, कुठलंतरी मेडिकलचं दुकान असेल. ते त्या रुग्णालयात आहेत. औषधाच्या खिडकीवर. बावीस वर्षं.

मुदत संपलेला साठा पडून आहे म्हणून बाबांनी दोनदा लेखी कळवलं होतं. वरून उत्तर आलं, आधी तो संपवा. त्या दिवशी खिडकीवर बाबा नव्हतेच, जेवायला गेले होते. पण कागदावर खिडकी त्यांच्या नावावर. दोन्ही पत्रांच्या पोचेचे फोटो तिने मला पाठवले. म्हणाली, वाच, पण कुणाला दाखवू नकोस. बाबांना वरच्यांनी आठ दिवस घरी बसायला सांगितलंय. बोभाटा करू नका, लोक विसरले की गुपचूप कामावर घेऊ. बाबा म्हणतात, नाव कुठे आलं नाही तेवढं बरं, गप्प राहू.

मग म्हणाली, "बाबा घरीसुद्धा दुपारी कधी आडवे होत नाहीत. काल शेजारच्या काकू हसत विचारत होत्या, झोप झाली का. कोण लिहितं रे असं? तुमच्याकडेच असतील ना ते?"

मी म्हणालो, डेस्कवाले असतात.

डेस्कवाले! जीभ झडली का नाही माझी?

८ फेब्रुवारी, शनिवार

साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. म्हटलं, ती बातमी उतरवा.

"कोण लागतो तुझा?"

काय सांगणार. आज कोणी लागत नाही, उद्या लागतील, असं संपादकाला सांगता येतं?

साहेब शांत. म्हणाले, बातमी उतरवायला फोन यावा लागतो. त्या माणसाच्या बाजूने फोन करणारा आहे कोणी? नाही ना? मग जा, काम कर.

टेबल लाथेने उलटं करावंसं वाटलं. केलं नाही. डोक्यात एक आलं होतं. चढवायची चावी माझ्याच हातात आहे. सोमवारी साडेअकराच्या मीटिंगला साहेबांचा फोन बाहेर असतो. तेवढा वेळ पुरे.

संध्याकाळी दुकानात गेलो. तिला म्हटलं, बाबांचं पूर्ण नाव दे.

"कशाला?"

सोमवारी कळेल, म्हणालो.

तिने हातातली फ्रेम खाली ठेवली. मग नंबर लिहायच्या कागदावर, अगदी वळणदार अक्षरात, बाबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, सगळं लिहून दिलं. चार दिवसांत पहिल्यांदा हसली. "सोमवारी बाबा घरीच आहेत," म्हणाली. "आता काय, रोजच असतात. सकाळी आले तरी चालेल कोणी."

तिला कळलं असणार मी काय करणार आहे ते! म्हणूनच हसली. कागद पाकिटात ठेवलाय.

९ फेब्रुवारी, रविवार

जेवताना दादाने डिवचलं, काय प्रश्न्या, आज कुणाची विकेट? आई म्हणाली, जेवू दे त्याला. मी ताटावरून उठलो. उद्या बघा म्हणावं. पहिल्यांदाच माझ्या मथळ्यात प्रश्नचिन्ह नसेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

साडेअकरा. साहेब मीटिंगमध्ये. मी चढवलं. बाबांचं पूर्ण नाव, आणि पुढे एकच शब्द, निर्दोष. खाली दोन्ही पोचा, रुग्णालयाचं नाव, आणि 'ऑनलाइन डेस्क'च्या जागी माझं नाव. लपायचं नव्हतं मला.

सतरा मिनिटं. मग काचेपलीकडे साहेब उभे दिसले, फोन कानाला.

मला वाटलं, उतरवतील, मला हाकलतील. दोन्ही नाही. माझ्याच खुर्चीशी येऊन, वाकून, पोचांचे फोटो उडवले. रुग्णालयाचं नाव काढलं. माझं ठेवलं. मग मथळ्यावर गेले, बाबांचं नाव ठेवलं, 'निर्दोष' ठेवलं, आणि त्यापुढे एक कळ दाबली.

निर्दोष?

"झकास चाललीये. उतरवायची कशाला? पुढच्या वेळी चिन्ह तूच टाक, मला हेलपाटा नको."

खाली बुधवारच्या बातमीची लिंक जोडली. डुलकीची.

मी त्यांची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. पिशवी उचलून बाहेर पडलो. जिन्यात अण्णा भेटले. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आजवर कुणाला ठाऊक होतं का रे ते नाव?"

तोवर माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. खरंच आलं नव्हतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सगळ्यांच्या फोनवर ते नाव आहे. कुणीतरी कुठल्याशा समारंभातला बाबांचा फोटो शोधून काढलाय, फोटोत नेमकी पापणी मिटलेली. खाली हसणारी तोंडं, हजारांनी. 'निर्दोष' कुणी वाचत नाही. चिन्ह वाचतात.

अण्णांचा फोन आला. रुग्णालयाने बाबांना कायमचं काढलं. म्हणे, आम्ही घेणार होतो, पण आता नाव झालं सगळीकडे, आमचा नाइलाज आहे. अण्णा पोचा घेऊन दुसरीकडे छापायचं बघतायत, पण ज्याला विचारतात तो उभा राहून फोनवर बोलायला जातो.

चष्म्याचं दुकान उघडं होतं. ती नव्हती. मालकांनी मला पायरीही चढू दिली नाही.

पाकिटात तो कागद तसाच आहे. ते नाव इथे लिहीत नाही. निदान इथे तरी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तिचा मेसेज आला. एवढाच.

"पूर्ण नाव विचारलंस तेव्हा मला वाटलं, घरी बोलायला येतोयस. सोमवारी सकाळपासून बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते."