गॅरेजातली प्रेस, तिची कडी आणि माझे दोन मुलगे यांची व्यवस्था

मी, आर्डिस हॉफस्टॅड, मर्ल हॉफस्टॅडची विधवा, वय वर्षे चौऱ्याऐंशी, राहणार कोल्टर्स क्रीक, मॉन्टाना, आज रविवारी सकाळी कॉफीचा दुसरा कप घेऊन, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत आणि मागे उभं राहून कोणी सांगत नसताना हे लिहून ठेवते. माझी शाळा सहावीपर्यंतची, म्हणून वकील म्हणाला होता, मी मजकूर करून देतो. त्याचा मजकूर वाचला. त्यात मी एकदाच होते, तेही 'सदर स्त्री' म्हणून. तेव्हा कायद्याचे शब्द लागतील तिथे त्याचे उसने घेईन, बाकी माझे. मृत्युपत्र लिहिण्यात एवढी मजा असते हे आधी कळतं तर पन्नाशीतच लिहायला बसले असते. वाचणाऱ्याला मधे तोंड घालता येत नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं सांगत कोणी कागद घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

कलम पहिलं. माझ्या पश्चात मला मर्लच्या उजव्या हाताला पुरावं. डावा कान त्याचा बंदुकांनी घालवला होता आणि मला अजून त्याला बरंच सांगायचं आहे.

कलम दुसरं. राहतं घर, त्यालगतचं गॅरेज आणि बँकेत जे काही उरेल ते नात जोलीन हिला. मुलांनी याचं वाईट वाटून घेऊ नये, त्यांना बापाची जमीन कधीच मिळाली आहे. जोलीन येते तेव्हा न सांगता भांडी घासते. तिचा बाप कर्टिस आणि काका रोलँड ताटली सिंकपर्यंत नेतात आणि शाबासकीची वाट बघत उभे राहतात.

कलम तिसरं. रुबार्बची आंबट देठं भरून भाजायच्या 'पाय'ची माझी रीत चर्चच्या महिला मंडळाला कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. ज्यांनी तिला दुसरं बक्षीस दिलं त्यांनी पहिल्या बक्षिसाचीच खावी.

कलम चौथं. हे लांबणार आहे, कॉफी पुन्हा भरून घेते.

गॅरेजातल्या बाकावर मर्लची काडतुसं भरायची प्रेस आहे. ओतीव लोखंडाची, हिरवी, चार बोल्टांनी बाकाला आवळलेली. इथे ज्याच्या त्याच्याकडे अशी एक असते. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या फेकायच्या नाहीत, हिवाळाभर त्या पुन्हा भरायच्या आणि पुढच्या हंगामात एल्क हरणांच्या मागे डोंगर चढायचा. प्रेसच्या माथ्यावर साचा आट्यांनी बसतो. साचा जितका खाली, तितकी गोळी पुंगळीत खोल. तो जागचा हलू नये म्हणून त्याच्याभोवती एक कडी असते, आणि कडीच्या अंगाला एक बारीक स्क्रू. मर्लची रीत अशी, की त्या स्क्रूखाली शिशाचा एक छर्रा टाकायचा आणि मग आवळायचं. छर्रा चेपतो, आट्यांत घट्ट बसतो, कडी पक्की होते आणि आटे खरवडत नाहीत. पुन्हा माप बदलायचं तर चेपलेला छर्रा काढून नवा टाकायचा.

आता माझे दोन चिरंजीव. दोघांच्या बंदुका एकाच मापाच्या, पण थोरल्या रोलँडची बापाची जुनी, तिचा घसा, म्हणजे नळीत गोळी टेकायची जागा, लांब. कर्टिसची नवी, तिचा घसा आखूड. रोलँडला गोळी पुंगळीबाहेर जरा जास्त डोकावलेली लागते, कर्टिसला कमी. रोलँड मंगळवारी येतो, साचा आपल्यासारखा लावतो, कडी आवळतो, जातो. कर्टिस शुक्रवारी येतो, बघतो तर माप हललेलं. "कडी सैल आहे," म्हणतो, आणि आपल्यासारखं लावतो. पुढच्या मंगळवारी रोलँड येतो. "कडी सैल आहे." असं वर्षानुवर्षं. एकानं कडीला नळाची पांढरी टेप गुंडाळली. दुसऱ्यानं निळा गोंद ओतला. पहिल्यानं तो गोंद माझ्या केस वाळवायच्या यंत्रानं तापवून सोडवला, आणि त्या यंत्राला अजून वास येतो. पकडीच्या दातांनी कडी बिचारी कुत्र्यानं चावल्यासारखी झाली आहे. दुसरा साचा घ्या म्हटलं तर दोघेही नाही म्हणतात. जो नवा घेईल त्यानं बापाच्या साच्यावरचा हक्क सोडला, अशी दोघांची समजूत आहे.

कडी कधीच सैल नव्हती. गॅरेज मी झाडते. दर मंगळवारनंतर एक चेपलेला छर्रा, दर शुक्रवारनंतर एक. ते सगळे मी एका बशीत साठवले आहेत. आपोआप ढिली होणारी कडी स्वतःचा स्क्रू उलगडून छर्रा बाहेर टाकत नाही.

गेल्या नोव्हेंबरात कर्टिसनं माप न बघता काडतुसं भरली, भरल्यावर एखादं बंदुकीत घालूनही पाहिलं नाही, आणि डोंगरावर गेला. समोर एल्क, शिंगं अशी की दारातून आत येऊ नयेत. रोलँडच्या मापाचं लांब काडतूस पूर्ण आत जाईना, बंदूक बंद होईना. हा तळहातानं ठोकतोय आणि एल्क उभा राहून बघतोय. मग तो कंटाळून निघून गेला. त्या दिवसापासून कर्टिस म्हणतो, रोलँडनं मुद्दाम केलं. रोलँड म्हणतो, कडी सैल होती, मी सांगत होतोच. दोघांत बोलणं नाही. जेवायला वेगवेगळ्या वारी येतात, त्यामुळे आठवड्यातून दोनदा एकच भाजलेलं मांस मला करावं लागतं आणि दोनदा एकच तक्रार ऐकावी लागते. मला आता फारसे हंगाम उरलेले नाहीत. मी जाण्याआधी हे दोघे एका टेबलावर बसलेले मला बघायचे आहेत. मी गेल्यावर ते बसणार नाहीत, इतकं मी त्यांना ओळखते.

सबब, सदर प्रेस, साचा व कडी माझ्या बहिणीचा मुलगा लायल याला देण्यात यावी. लायल जुन्या अवजारांचे दिवे करून तळ्याकाठी पर्यटकांना विकतो. त्याला फोन केला होता. पिवळी शेड घालणार म्हणाला.

साक्षीदार म्हणून रोलँड आणि कर्टिस यांनी सह्या कराव्यात. वकिलानं सांगितलं आहे की ज्याला काही मिळायचं आहे त्यानं साक्षीदार होऊ नये. या दोघांना यातून काहीच मिळत नसल्यामुळे ते अगदी योग्य आहेत. चर्च सुटल्यावर दोघांना बोलावलं आहे. दुसराही येतोय हे एकालाही सांगितलेलं नाही.

पुढचं दुपारी लिहिते आहे. दोघे आले. एक टेबलाच्या या टोकाला बसला, एक त्या टोकाला. कागद आधी कर्टिसनं वाचला.

"लायल? आई, लायल? त्याला पान्हा कुठल्या बाजूनं धरायचा ते कळत नाही!"

"दिव्याला पान्हा लागत नाही," मी म्हटलं. "भोक पाडायचं आणि वायर घालायची."

रोलँडनं कागद ओढून घेतला, वाचला आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "आई, त्याला सांग, ही वेळ त्याच्या एल्कमुळे आली आहे."

"मी टपालखातं नाही. चार हातांवर बसलाय, तूच सांग."

"एक काडतूस आधी बंदुकीत घालून बघितलं असतंस तर काय बिघडलं असतं रे?"

"आणि तू माझं माप हलवलं नसतंस तर?"

"कोणी हलवलं? कडी सैल—"

मी बशी आणून टेबलावर पालथी केली. चेपलेले छर्रे मिठाच्या बरणीपर्यंत घरंगळत गेले. "मंगळवारचे आणि शुक्रवारचे," मी म्हटलं. "वेगळे करायचे तर बसा करत."

रोलँड साठ वर्षांचा आहे, पण त्याचे कान अजून लाल होतात.

"म्हणजे मी लावायचो ते तू..." कर्टिस म्हणाला.

"आणि मी लावायचो ते तू."

आता एकमेकांची माफी मागतील असं कोणालाही वाटलं असतं. त्यांनी दोघांनी माझ्याकडे तोंड फिरवलं. "आई, तू आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, एल्कच्या आदल्या वर्षी, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला. तेव्हा रोलँड, तू म्हणालास, तुला त्यातलं काय कळतं, आणि हा कर्टिस म्हणाला, ग्रेव्ही इकडे दे."

"आम्ही सही करणार नाही," रोलँड म्हणाला.

"अजिबात नाही," कर्टिस म्हणाला.

'आम्ही' हा शब्द या घरात जवळजवळ वर्षभरानं ऐकला. मग दोघे एकाच भांड्यातलं मांस एकमेकांपुढे ढकलत जेवले आणि जेवताना लायलच्या दिव्यांना नावं ठेवली. त्यावर त्यांचं तंतोतंत एकमत आहे. ताटल्या तशाच टाकून ते गॅरेजात गेले.

सबब कलम चौथ्यातला लायलचा मजकूर मी खोडला आहे. खाडाखोड माझ्याच हातची आहे.

कलम पाचवं. प्रेस, साचा व कडी रोलँड आणि कर्टिस यांना सामाईक. प्रेस बाकावरून काढू नये. बाक गॅरेजात राहील, गॅरेज जोलीनचं राहील, म्हणजे दोघांना इथेच यावं लागेल. दोघांनी एकाच दिवशी यावं, माप एकमेकांसमोर लावावं, छर्रा दोघांच्या देखत टाकावा. येण्यापूर्वी जोलीनला फोन करावा आणि जाण्यापूर्वी ताटल्या घासाव्यात. एक वर्ष जरी वेगवेगळे आले, तर खोडलेला मजकूर पुन्हा जिवंत झाला असं समजावं आणि लायलला कळवावं. त्याचा नंबर जोलीनकडे दिलेला आहे. लायलची निराशा होऊ नये म्हणून मर्लला बोलिंगच्या स्पर्धेत मिळालेली ढाल त्याला. तिच्यावर पिवळी शेड शोभेल.

दोघे आता वारस झाल्यामुळे साक्षीला चालत नाहीत. म्हणून शेजारून एल्मर आणि बर्निस ओडेगार्ड यांना बोलावून घेतलं. वरचं सगळं मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. बर्निस रुबार्बच्या कलमाला हसली नाही. ती मंडळाची खजिनदार आहे.

हा माझा शेवटचा शब्द. निदान कागदावरचा.

ठिकाण: कोल्टर्स क्रीक, मॉन्टाना
दिनांक: २० ऑक्टोबर २०१९

(सही) आर्डिस हॉफस्टॅड

साक्षीदार:

१. (सही) एल्मर ओडेगार्ड. माझ्यासमोर सही केली.

२. (सही) बर्निस ओडेगार्ड. सही करताना आर्डिस पूर्ण शुद्धीवर होती, हे मी शपथेवर सांगते. गॅरेजात एका पान्ह्यावरून ओरडत असलेल्या दोघांबद्दल मी तशी खात्री देऊ शकत नाही.